बुद्धिबळाचं यंत्र अन् दाराआडची बांगडी

माझी सून घरी बसूनच नोकरी करते. काय करते, ते मले अजून धड समजलं नाही. बुद्धिबळ खेळणारं यंत्र वेगळं अन् घोडे-उंट दाखवणारा पडदा वेगळा. या दोघांनी आपसात कोणत्या रीतीनं बोलायचं, ते ही ठरवते म्हणे.

"खेयणारा आन् दाखोणारा एकच नाही काय?" मी विचारलं.

"नाही मामाजी. पडद्याले डोकं नाही, यंत्राले डोये नाहीत. पडदा पुसते, 'हायेस काय?' यंत्र म्हणते, 'हाव.' मंग पडदा डाव सांगते, यंत्र इचार करून चाल सांगते."

"मंग लोकाइले वाटत असन, पडदाच हुशार."

"तुमच्यावानी!" म्हणे, अन् हसली.

खरंच बोलली. आमच्या वेळेस बाई परक्या माणसापुढं येत नव्हती. ढोराचा सौदा ओसरीवर मी करायचा, बायको दाराआड बसायची. तिची बांगडी एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की देऊन टाकायचं. गावाले वाटे, बुवा लय पक्का आहे. आता ती गेली, अन् मी ओसरीवर नुसता बसून असतो.

"यंत्रानं जवाबच नाही देला तं?" मी विचारलं.

सुनेचे हात थांबले. "तेच तं ठरोऊन राह्यली. कितीबी इचारात असलं तरी 'हायेस काय' म्हटलं की त्यानं 'हाव' म्हणाच लागते. पण बंदच पडलं, तं पडद्यानं कुठलोक वाट पाहाची? लवकर सोडलं तं जित्त्याले मेलं म्हटल्यासारखं होते. नाही सोडलं तं पडदा थिजून बसते."

मी उठून बाहेर आलो. ती यंत्राचंच बोलत होती, पण मले काहून झोंबलं कोणास ठाऊक.

त्याच दुपारी आसेगावचा एक जण गाय पाहायला आला. गाय बायकोनं हातावर वाढवलेली. ती गेल्यापासून कोणाले कासेला हात लावू देत नाही, लाथ झाडते. पोरगा म्हणे, विकून टाका. त्या माणसानं गाय पाहिली, दात पाहिले, भाव सांगितला.

"बोला बुढेबुवा, देता काय?"

माझे कान आत लागले होते. आतून नुसती सुनेच्या बोटांची टकटक. ती बांगड्या घालत नाही.

"झोपले काय बुढे?"

तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "हायेस काय?"

"हावो मामाजी! काय पायजे?" म्हणत सून सरळ ओसरीवरच आली.

मी पाहतच राहिलो. मी हाक कोणाले मारली होती?

तो माणूस तिलेच म्हणाला, "बाई, तुमीच सांगा आता. देता काय गाय?"

"मले काय पुसता? मामाजी बसले नाहीत काय? गाय त्याइची हाये."

दोघं माझ्याकडं पाहून राहिले. आत आता टकटकही नव्हती. मी एकदा दाराकडं पाहिलं, अन् म्हटलं, "नाही देत."

"काहून?"

"नाही म्हटलं नं! जाय आता."

तो बडबडत गेला. ते 'नाही' माझं होतं की बायकोचं, मले अजून उमगलं नाही. संध्याकाळी बादली घेऊन मीच गायीखाली बसलो. तिनं लाथ मारून बादली उलथी केली. मी परत सरळ केली अन् बसून राहिलो.