करुणाच्या तारा

करुणा गेल्याचं तिच्या भावानं कामठ्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा रडू येण्याआधी माझ्या तोंडून शिवी निघाली. ती तिच्या गाईडला होती. डेंग्यूनं नेलं तिला, हे मलाही कळतं. पण पीएच.डी. न होताच ती गेली, ते डेंग्यूमुळे नाही.

एमएस्सीपासून आम्ही सोबत. केसाहून बारीक तारांतून वीज कशी वाहते, हा तिचा विषय. काही पदार्थांत म्हणे इलेक्ट्रॉन सुटे न जाता सगळे मिळून लाटेसारखे सरकतात, आणि वाटेत परका अणू आला की लाट अडते. मला समजेना, तर म्हणाली, "धानाच्या रोवणीची ओळ पाह्यली ना? एकीचा पाय खुंटात फसला का सगळ्या बाया थांबतात. मोठ्या वावरात पत्ता लागत नाही, लहान बांधीत लागते." म्हणून तिच्या प्रत्येक तारेत लाट सुटायला वेगळा व्होल्टेज लागायचा. गाईड म्हणाले, काम गचाळ आहे तुझं, न जुळणारे आकडे काढ आणि सरासरी लिही. ही कसली ऐकते! सरासरीत तो अणूच पुसला जातो, म्हणायची. मग प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून राहिला. विचारलं की, "थोडं थांबा, पाहतो." वर्षं गेली, ती गोंदियात शिकवण्या घेऊ लागली ... आणि एका व्याख्यानात त्याच साहेबांनी, बारीक तारेत एकच अणू अख्खी लाट कशी अडवतो, हे टाळ्या घेत सांगितलं. करुणा मागच्या रांगेत होती. तिचं नावही घेतलं नाही. बाहेर येऊन ती चहा प्यायली. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

तिच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या सभेला, साहेब गाडी करून आले, खिशात भाषण घेऊन. माइक माझ्याकडे होता. मी शेजारणीला बोलावलं, शिकवणीच्या पोरींना बोलावलं, आटोवाल्यालाही बोलावलं. साहेब दोनदा उठले. "सर, थोडं थांबा, पाहते," मी म्हटलं, आणि जेवणं सुरू होताच माइक बंद केला. मयताच्या घरी असं वागू नये म्हणतात. मला फार बरं वाटलं.

परवा त्यांचा फोन आला. करुणाच्या तारा विभागाला हव्यात, म्हणे. दाखवायला त्यांच्याकडे नमुनेच नाहीत. मी म्हटलं, आधी तिच्या नावानं प्रबंध पुढे पाठवा.

तारा काचपट्ट्यांवर चिकटवलेल्या, तिच्या खोलीत फळीवर आहेत. तिची माय रोज फळी झाडते, काचांना हात लावत नाही. करुणानं तसं बजावलं होतं. साहेब प्रबंध न पाठवताच तारा न्यायला येतील, असं मी मायला सांगितलं.

"येऊ दे त्याले," ती म्हणाली. "दारातच उभा ठेवतो मी."