फिजिक्सवरचा झेंडू

दसऱ्याची फुलं आमच्या घरात मीच मांडतो. दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही. मी चौथी नापास, सारा जन्म गवंडीकामात गेला, पण फुलं मांडावीत ती मीच. बाकीचे लोक फुलं टाकतात, मी विटेसारखी लावतो. खाली झेंडूचा थर, वरचं फूल खालच्या दोन फुलांच्या मधोमध. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. कडेनं पांढरी शेवंती, कोपऱ्याला आंब्याचा डहाळा.

हे काम भूकंपाच्या सालापासनं माझ्याकडं आलं. आमची माणसं वाचली होती, घर राहिलं नव्हतं. पत्र्याच्या शेडात होतो. गावात इतकी माणसं गेली होती की दसऱ्याचं नाव कुणी काढत नव्हतं. मी ढिगाऱ्यातून माझी थापी आणि ओळंबा उकरून आणला. बायको म्हणाली, "ह्या साली ऱ्हाऊ द्या."

"हत्यार सापडलं हाय. पूजा होणार."

रस्त्याकडेच्या तरवडाची पिवळी फुलं तोडली, पत्र्याच्या पेटीवर हत्यारं ठेवली आणि भोवती फुलं लावली. बायको आत गेली आणि तिचा विळा घेऊन आली. त्याच थापीनं मी पुढं नवी गावं बांधली. नंतर लातूरला आलो, तर इथं क्लासच्या पोरापोरींसाठी मजल्यावर मजले चढत होते. तेही बांधले.

आता बायको नाही. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून पूजा जेवणाच्या टेबलावर मांडतो. घरात टेबल एकच. दोन वेळा आम्ही त्यावर जेवतो, बाकी सगळा वेळ नात अभ्यास करते. ही लेकीची लेक, बारावीच्या क्लाससाठी लोह्याहून आमच्याकडं राहायला आलेली. क्लासात परीक्षा झाली की मार्क बघून पोरांना वरच्या-खालच्या बॅचमध्ये हलवतात. जावयानं पोरीला बजावलं होतं, "पहिल्या बॅचमधून उतरलीस की घरी आणीन. मग लोह्यात मिळंल ते शीक." पोरगी पहिल्या बॅचमध्ये होती, पण काठावर.

त्या दसऱ्याला ती न्हाऊन येईस्तवर मी पूजा मांडून टाकली. थापी, ओळंबा, सुनेची शिलाईची कात्री, लेकाचे पाने-पक्कड, आणि मधे नातीची पुस्तकं एकावर एक. त्यांच्यावर झेंडूचे थर. आरती झाली, नैवेद्य झाला. नात केस पुसत आली.

"आबा, फिजिक्सचं पुस्तक कुठं हाय?"

"फुलाखाली."

"मला पायजे. उद्या सकाळी टेस्ट हाय."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोण परीक्षा घेतं?"

"लातूर घेतं."

मी सांगितलं, पूजेला बसवलेली वस्तू उद्या अंघोळ करून उचलायची, तोवर हलवायची न्हाई. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, एक पुस्तक काढलं म्हणून सरस्वती रागावती व्हय?"

"सरस्वतीचं मला ठाऊक न्हाई. मी रागावंन."

नात रडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि हळूच म्हणाली, "मग लोह्याची गाडी बघून ठेवा."

हे मला लागलं. मी ओट्यावर जाऊन बसलो, पण तिथंही बसवंना. आत येऊन टेबलाभोवती फिरलो. पुस्तक हलवू देणार नव्हतो, हे तर पक्कं. पण पुस्तक सगळ्यांत वर होतं.

"हे बघ माय," मी म्हणालो, "पुस्तक जागचं हलणार न्हाई. तिथंच उघडायचं आणि तिथंच वाचायचं. फुलं माझी हायत, ती मी हलवीन."

"हे कुठल्या शास्त्रात हाय, आबा?"

"गवंड्याच्या."

वरचे थर मी एकेक फूल करून उतरवले. पुस्तक उंचावर होतं, म्हणून तिच्या खुर्चीवर उशी ठेवली. पण उघडं पान तसंच बोडकं ठेवायचं मला पटंना, म्हणून पानावर एक झेंडू ठेवला. पान संपलं की ती म्हणायची, "उचला." मी फूल उचलायचो, ती पान उलटायची, मी फूल परत ठेवायचो. पानांवर पिवळे डाग पडून राहिले. एका पानावर दोरीला गोळा टांगलेलं चित्र होतं.

"हा तर ओळंबा."

"लंबक म्हणतात, आबा."

"म्हणंनात. माझा सरळ उभा ऱ्हातो, तुझा झोके घेऊन राहिलाय."

"तुम्ही बोलू नका ओ, फूल उचला."

जेवणं त्या दिवशी खाली फरशीवर झाली. माझं ताट टेबलाच्या कोपऱ्यावर आलं. संध्याकाळी लेक सीमोल्लंघनाला बोलवायला आला, मी गेलो नाही. सोनं द्यायला आलेल्या शेजाऱ्यानं दारातूनच विचारलं, "काय आबा, नातीबरोबर तुम्ही पण डॉक्टर होऊन राहिलात का?"

"चौथीत बसवत नव्हतं, आता बसतोय. सोनं ठेवा आणि गुळपाणी घ्या."

पोरगी वाचत राहिली. घट उठवल्यावर सुनेनं तिच्या वेणीत खोवलेले घटाचे अंकुर तसेच होते. शेवटचं पान झालं तेव्हा झेंडू माझ्या बोटांत पार मऊ पडला होता. मी तो बदलला, पुस्तक मिटायला लावलं आणि थर पुन्हा सांधे चुकवून लावून घेतले. सकाळी ती अंघोळ करून आली, पुस्तकाला हात लावून नमस्कार केला आणि परीक्षेला गेली.

निकाल लागला त्या दिवशी चपला न काढताच आत आली. "राहिले, आबा. पहिल्या बॅचमध्ये सगळ्यात शेवटी हाय, पण राहिले."

जावयाला फोन मी स्वतः लावला. ते म्हणाले, "शेवटचीच हाय म्हणं, मामा. पुढच्या टेस्टला बघू."

"पुढची टेस्ट दिवाळीत हाय," मी म्हणालो. "ती तिकडं यायची न्हाई. लक्ष्मीपूजनाला तुम्हीच इकडं या. जेवायला मात्र खाली बसावं लागंल, टेबल मोकळं नसतं."