आत्याची हक्कसोड

आमच्या भागात एखादा भाऊ सणवार नसताना बहिणीला साडी घ्यायला बारामतीला घेऊन निघाला, तर शेजारीपाजारी काही विचारायचे नाहीत. आज हक्कसोड आहे हे त्यांना कळायचं. बाप गेला की तलाठी वारसनोंद करतो, सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली बहिणीचं नाव चढतं, आणि चढल्या चढल्या ते उतरवायची घाई सुरू होते. बहिणीने रजिस्ट्री ऑफिसात जाऊन ‘मला काही नको’ असं लिहून द्यायचं, भावाने साडीचोळी करायची, हॉटेलात काहीतरी गोड खायचं आणि बहिणीने संध्याकाळच्या एसटीने सासरी जायचं. सगळं इतकं हसतखेळत चालायचं की बघणाऱ्याला वाटावं, लग्नाचा बस्ताच आहे.

मला ही पद्धत पहिल्यापासून डोक्यात जायची. माझं तोंड फटकळ आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी आत्याच्या हक्कसोडीला वडिलांनी मलाच साक्षीदार म्हणून न्यायचं ठरवलं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, आणि दस्तावर शिकल्या माणसाची सही बरी दिसते असं तात्यांचं मत होतं. माझं मत त्यांनी विचारलं नाही, ते त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं.

आजोबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. सांगवीला कालव्याखाली आमची जमीन, सगळी उसाची. वारस दोघंच, तात्या आणि त्यांची थोरली बहीण. आत्याला इंदापूर तालुक्यात दिलेली. बहीणभावात कधी वाकडा शब्द झालेला मी ऐकला नव्हता. तात्यांना भीती होती ती भाच्यांची. “आक्का काय मागणार न्हाय,” ते आईला सांगायचे, “पण उद्या तिची पोरं बांधावर हुभी ऱ्हायली तर?” माणूस वाईट नव्हता. गावात सगळे करतात तेच आपण करतोय, एवढाच त्यांचा हिशेब.

तयारी त्यांनी चोख केली होती. स्टँप आणला होता, दस्त टाइप करून घेतला होता, दुसरा साक्षीदार म्हणून बांधाला बांध लागून रान असलेल्या बांधकऱ्याला तयार केलं होतं, त्याचीच जीप सांगून ठेवली होती. एक गोष्ट तेवढी राहिली होती, ती म्हणजे आत्याला विचारणं. तिला निरोप गेला होता फक्त, “बारामतीला ये, साडी घ्यायची हाय.” यात लपवाछपवी काही नव्हती. बहिणीला विचारायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात येत नसे.

आत्या सकाळच्या गाडीने आली, ती खुशीत. साडीच्या दुकानात ती मांडी घालून अशी बसली की दुकानदाराने ओळखलं, हे गिऱ्हाईक लवकर उठत नाही. तात्यांनी आधी बघून ठेवलेली साडी तिने दोन बोटांनी उचलली आणि खाली ठेवली.

“येवडी जमीन, आन् येवडीशी साडी?” ती म्हणाली.

दुकानदार खोकला. तात्या कसनुसं हसले. मग वरच्या फळीवरचे गठ्ठ्यामागून गठ्ठे खाली आले आणि आत्याने बरोबर ती साडी काढली, जी बघून तात्यांनी छताकडे पाहिलं. पुढे हॉटेलात तिने भजी संपवून जिलेबी मागवली, जिलेबी संपवून पुन्हा भजी मागवली. तात्या सारखे घड्याळाकडे बघत होते. “आक्का, सायेब जेवाय जातील,” असं म्हणाले, तर म्हणाली, “जाऊ दे की. त्येला बी भूक आसंल.”

मला वाटत होतं, बिचारीला काही कळत नाहीये. मनातल्या मनात मी चिडत होते, तिच्यावर सुद्धा.

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात दस्तलेखक टेबल टाकून बसलेला होता. त्याने कागद पुढे केले, फुल्या कुठे मारल्यात ते दाखवलं आणि सांगितलं, “आक्का, सही आत सायबांसमोरच करा.” आम्ही आत गेलो. साहेब वयस्कर होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दिवसभरात शेकडो वेळा विचारून गुळगुळीत झालेला प्रश्न त्यांनी वर न बघता विचारला.

“हक्कसोड. मजकूर समजलाय का बाई? राजीखुशीने करून देताय ना?”

“व्हय व्हय, समाजलाय,” तात्या, बांधकरी आणि दारातून डोकावणारा दस्तलेखक, तिघे एकदम म्हणाले.

साहेबांनी आता वर पाहिलं. “त्यांना बोलू द्या.”

“वाचून दावा,” आत्या म्हणाली.

तात्या दचकले. दस्त कधी कुणी वाचून घेत नसे. तात्यांनी मला डोळ्याने खुणावलं, पटकन उरक. मी कागद घेतला आणि वर्गात धडा वाचते तसा वाचायला लागले, सावकाश, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

“मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता…”

“थांब,” आत्या म्हणाली. “ह्ये कशाला ल्हिवलंय? मी कवा पिले?”

“आक्का, ते सगळ्यांच्याच दस्तात असतं,” दस्तलेखक दारातून म्हणाला.

“मग भावाच्या नावाम्होरं बी ल्हिवा की. का त्येची खात्री न्हाय?”

बांधकरी हसला आणि तात्यांनी बघितल्यावर गप्प झाला. मी पुढे वाचलं. “…बहीणभावाच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, माझा संपूर्ण हक्क माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे.”

आत्याने पदर सावरला. “सायेब, एक इचारू का?”

“विचारा.”

“परेम हाय म्हणून हक्क सोडायचा, आसं ल्हिवलंय. मग परेम त्येचं बी आसंलच की माज्यावर. त्येनं सोडावा.”

ऑफिसात रांगेत बसलेली सगळी माणसं हसली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, तो हसू दाबायला हे मला दिसत होतं. तात्यांचे कान लाल झाले. “आक्का, घरी बोलू आपुन,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“घरी कुटं इचारलंस? इचारलं ह्या सायबांनी.” तिचा आवाज एकदम उतरला, थट्टा संपली. ती साहेबांशी बोलत होती, पण बघत होती तात्यांकडे. “मला ऊस नगं, त्येचा पैका नगं. माज्या पोरास्नी मी सांगितलंय, मामाच्या रानाकडं बघायचं न्हाय. पर बापाच्या रानात माजं नाव हाय तवर मी हितली हाय. नाव काडलं की मी पाव्हणी. मग कुणी बोलवलं तर यायचं, न्हाय तर न्हाय. मला पाव्हणी व्हायचं न्हाय.”

साहेबांनी विचारलं, “म्हणजे दस्त कबूल नाही?”

“न्हाय.”

“मग नोंदणी होत नाही.” त्यांनी कागद तात्यांकडे सरकवले. “पुढचे या.”

बाहेर आल्यावर तात्यांना कंठ फुटला. “द्यायचंच नव्हतं, तर साडी कशाला घेतलीस?”

“साडी भावानं दिली, सही सायबानं मागितली. दोनीचा काय संबंध?” आत्या म्हणाली, आणि पिशवी काखोटीला मारून स्टँडकडे चालू लागली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, नोकरी नवी होती आणि राहायचं तात्यांच्याच घरी होतं.

जीपने आम्ही सांगवीला आलो. उतरताना तात्या म्हणाले, “तू मुद्दाम सावकाश वाचलंस.”

“स्पष्ट वाचलं,” मी म्हणाले.

गोष्ट त्याच संध्याकाळी गावभर झाली, बांधकरी होताच. पुढचे काही आठवडे पारावरून एकेक जण तात्यांना गाठून तक्रार करायचा. आक्कांनी आमच्या बहिणी बिघडवल्या म्हणे. एकाची बहीण साडी घेऊन म्हणाली होती, ‘आधी वाचून दावा.’ दुसऱ्याची तर बारामतीला यायलाच तयार नव्हती. तात्या ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन आमच्यावर भडकायचे. दिवाळी जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं, यंदा मुराळी जाणार नाही. बहिणीला सणाला आणायला जो माणूस जातो तो मुराळी, आणि आमच्याकडून तो चुकला असं कधी झालं नव्हतं. आईने समजावलं, मी भांडले. “नाव पायजे हुतं ना? नावावर ऱ्हा म्हणावं,” एवढंच तात्या बोलले. मला त्यांचा इतका राग आला की पहिल्या अंघोळीलाही मी त्यांच्याशी बोलले नाही.

भाऊबीजेला तात्या सकाळीच रानात निघून गेले. घरात ओवाळायला कुणी नाही, हे त्यांना बघायचं नव्हतं. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर उसाच्या कडेने कुणीतरी चालत येत होतं. आत्या. घरी न जाता फाट्यावर उतरून थेट रानात आली होती. तात्या पाटाच्या पाण्यात फावडं घेऊन दारं धरत होते, एकेका सरीत पाणी सोडत होते.

“तुला कुणी बोलवलं?” ते म्हणाले.

“बोलवाय मी पाव्हणी हाय व्हय? खातेदार हाय. ऊस बघाय आले.” तिने सरीतून नजर फिरवली. “गवात लई माजलंय हितं. ह्येच माज्या वाटणीत घालशील तू.”

तात्यांनी रागाने बघायचा प्रयत्न केला. ओठ ऐकेनात. शेवटी त्यांनी फावडं तिच्यापुढे धरलं. “खातेदार हाईस, तर धर दारं. मी जेवतो.”

आत्याने चपला बांधावर काढल्या, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. तात्या बांधावर बसून बघत राहिले. जरा वेळाने न राहवून ओरडले, “आक्का, तितनं नगं, खालच्या अंगानं फोड!”

“मला शिकवतोस व्हय?” ती मागे न बघता म्हणाली. “ह्याच रानात तुला दारं धराय कुणी शिकवलं?”

“तूच शिकवलंस,” तात्या म्हणाले, आणि डबा न उघडता तिची सरी भरायची वाट बघत बसले.