डिंगीसाठी आणलेला पिवळा रंग

फौजेत इन्स्पेक्शन आलं की जे हलत नाही त्याला रंग लागतो. झाडांच्या बुंध्यांना कमरेइतका गेरू, वर चुन्याचा पट्टा. रस्त्याकडेचे दगड, बादल्या, कुंड्या, झेंड्याचा ओटा, सगळ्याला. लखनौच्या छावणीत आमच्या क्वार्टरसमोरचे कडुलिंब मी बिनरंगाचे कधी पाहिलेच नाहीत. माझे बाबा इंजिनिअर पलटणीत सुभेदार होते आणि रंगाचं स्टोअर त्यांच्या ताब्यात होतं, त्यामुळे घरात त्या वासाला सुट्टी नव्हती. हे आधी सांगते म्हणजे पुढचं का झालं ते कळेल. मी माफ केलंय असं मात्र कुणी समजू नये.

मी तेव्हा अकरावीत होते. त्याआधी बाबांचं पोस्टिंग पुण्याला असताना खडकवासल्याच्या पाण्यावर मी शिडाची होडी चालवायला शिकले होते. चांगली शिकले होते. हे मीच म्हणते, कारण नंतर म्हणायला कुणी उरलं नाही. मार्चमध्ये भोपाळच्या तलावावर मुलींची निवड होणार होती. सहा जणी घेणार आणि त्यांना वर्षभर मुंबईच्या समुद्रावर शिकवणार. मला त्या सहांत जायचं होतं, दुसरं काहीही नको होतं. अट एवढीच की होडी आपली आपण आणायची.

पलटणीकडे फायबरची एक डिंगी होती, एका माणसाने चालवायची छोटी शिडाची होडी. पुण्याहून सामानाबरोबर आली आणि स्टोअरमागे उपडी पडून राहिली. ऊन खाऊन वरचा थर खडूसारखा झाला होता, हात फिरवला की तळवा पांढरा. साहेबांना विचारून ती मला बाबांनीच मिळवून दिली. तूच दुरुस्त कर, मार्चपर्यंत तुझी, असं म्हणाले. ते मी नाकारत नाही.

डिसेंबरभर मी तिला घासलं. पाणी मारून, आधी जाड पॉलिश पेपरने, मग बारीक. शाळा सुटली की थेट स्टोअरमागे. बोटांची सालं निघाली. आई त्यांना तूप चोळायची आणि मुलीच्या जातीला हे हात शोभतात का, म्हणून पुटपुटायची. केसासारख्या चिरा होत्या, त्या बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, वर राखाडी प्रायमर मारला. आता रंग तेवढा राहिला होता, आणि सगळं त्या रंगावरच होतं.

खडकवासल्याच्या सरांनी डोक्यात पक्कं भरवलं होतं की फायबरच्या होडीला साधा ऑइल पेंट चालत नाही. दाराखिडक्यांना ठीक, पण पाण्यात राहिला की फुगतो आणि सुटतो. दोन डब्यांचा रंग हवा, एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर, लावायच्या वेळी मिसळायचा. अमीनाबादेत विचारलं तर दुकानदाराने भिंतीचा डिस्टेंपर पुढे केला. शेवटी आलमबागेत, बसच्या बॉड्या रंगवतात त्या गल्लीत, एका म्हाताऱ्याकडे सापडला. त्याच्याकडे पांढरा आणि पिवळा असे दोनच होते. बिटिया, पीला ले जा, दूर से दिखता है, असं तो म्हणाला. मी पिवळाच घेणार होते. होडी उलटली तर पांढरी फेसात शोधावी लागते, पिवळी लगेच दिसते.

बाबांना तो पाहूनच राग आला. स्टोअरमध्ये पलटणीच्या हिरव्याचे डबे पडलेले असताना बाजारातून रंग आणायची गरज काय, आणि हा तर शाळेच्या बसचा रंग, म्हणाले. मी हिंदीत उत्तर दिलं. भांडताना मी हिंदीतच जायचे, मराठीत त्यांना उलट बोलायला जीभ रेटायची नाही. ऑइल पेंट पाण्यात टिकणार नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि मी खुळी, त्यांना पटलं असं समजले.

मग माझं चुकलं. जानेवारीचं धुकं पडलं होतं आणि गारठ्यात, ओलाव्यात हा रंग बसत नाही असं डब्यावर लिहिलं होतं. मी उन्हाची वाट बघत राहिले. आठवडा गेला. रंगवायला म्हणून क्वार्टरसमोरच्या कडुलिंबाखाली आणलेली होडी तशीच राखाडी, आणि तेवढ्यात जनरलसाहेबांच्या इन्स्पेक्शनची तारीख आली.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर होडी हिरवी. ऑइल पेंटचे दोन जाड हात आणि काठाला पांढरा पट्टा, झाडाच्या बुंध्याला मारतात अगदी तसा. जवानांनी काम मन लावून केलं होतं. सुकाणूच्या बिजागऱ्या रंगवल्या, दोऱ्यांच्या कप्प्या रंगवल्या. होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडायची असते, ती नसेल तर होडी वाऱ्याबरोबर नुसती आडवी वाहत जाते. त्या फळीच्या खाचेतही कुंचला घातला होता. मी तिथेच बसून रडले.

“अगं, आता बघ कशी दिसतेय,” बाबा म्हणाले. “काय ती मेल्यासारखी ठेवली होतीस.”

इन्स्पेक्शनच्या दिवशी मी कुंपणापाशी उभी होते. जनरल होडीजवळ थांबले, खूश झाले, आणि ही कोण चालवतं म्हणून विचारलं. बाबा ताठ झाले.

“सर, यूनिट की बोट है, सर.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नंतर रंग खरवडते म्हटलं, तर वरून शेरा येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम. कप्प्या आणि खाच तेवढी मी चोरून स्क्रू ड्रायव्हरने मोकळी केली.

भोपाळला पहिल्या दिवशी मी चौथी होते. चौथी! संध्याकाळी होडी काठावर ओढली तर पोटाखाली फोडच फोड. दुसऱ्या दिवशी रंग कांद्याच्या सालीसारखा सुटायला लागला, त्याची एक लांब पट्टी खाचेत जाऊन बसली आणि फळी अर्ध्यावर अडकली. वारा छान होता. बाकीच्या मुली वाऱ्याला तिरकं कापत त्याच्याच दिशेने पुढे गेल्या आणि मी आडवी वाहत काठच्या गवतात. शेवटी नववी आले. मुलगी बरी आहे, पण होडीची निगा नाही, असं परीक्षक माझ्यासमोर म्हणाले.

मी परतले त्याच आठवड्यात इन्स्पेक्शनचा शेरा आला. पलटणीच्या सामानाची उत्तम निगा, असं लिहिलं होतं. त्यात होडीचा उल्लेख होता आणि बाबांचं नाव. बाबांनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला. भोपाळचं त्यांनी एकदाच विचारलं. मी नववी म्हटल्यावर प्रॅक्टिस कमी पडली म्हणाले. तेव्हा सगळं सांगायला हवं होतं, आणि मराठीतच. पिवळ्या रंगाचा डबा माझ्या खाटेखाली होता, झाकणही न उघडलेला.

आईने शिरा केला होता. वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “घे गं, बाबांचं कौतुक झालंय.”

मी तो खाल्ला. वर अजून मागून घेतला, आणि बाबांना म्हटलं, छान झालं. त्याचा राग अजून जात नाही, आणि तो बाबांवरचा नाही.