खालची मोटर

माझ्या हातून आजवर शंभराच्या वर ड्रोन तयार झाले असतील, आणि त्यातला एकही मी समोर उभी राहून नऊ फुटांच्या वर गेलेला पाहिलेला नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करतेय. गंमत करायला मला आवडतं, पण ही खरी गोष्ट आहे.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके बनतात, शेजारी स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकतात. आमच्या गाळ्याच्या अर्ध्या भागात क्रिकेटच्या सरावाला लावतात तशी हिरवी नायलॉनची जाळी ताणलेली आहे, वरूनही आणि चारही बाजूंनी. विमानतळामुळे आमच्याकडे उघड्यावर उडवायला बंदी. मढला शूटिंगवाले परवानग्या काढून उडवतात, पण रोजच्या चाचणीसाठी रोज परवानगी कोण काढणार? म्हणून आमची मशिनं जाळीतच जन्मतात, जाळीतच गुरगुरतात आणि खोक्यात बसून कुठल्यातरी गावाला निघून जातात. आमचे सर, म्हणजे गाळ्याचे मालक, म्हणतात की मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटतं. मला नाही तसं वाटत. मुलगी निदान सणाला माहेरी येते. आमची मशिनं मोडल्याशिवाय परत येत नाहीत.

मी बांधते ते मशीन चार हातांचं असतं, पण मोटरी आठ. प्रत्येक हातावर एक मोटर वर तोंड करून आणि तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी खाली तोंड करून. एकीचा पंखा या बाजूने फिरतो, दुसरीचा उलट. त्यामुळे मशीन हवेत डगमगत नाही, आणि मुख्य म्हणजे एक मोटर मेली तरी तो हात दुसरी सांभाळते. विजेच्या उंच मनोऱ्यांची पाहणी करणाऱ्यांना असंच मशीन लागतं. तिथे तारांवर काही पडलं तर वाट लागली.

यात खालच्या मोटरीचे हाल असतात. वरच्या पंख्याने ढवळून टाकलेली हवा तिच्या वाट्याला येते. सरळ सांगायचं तर ती जन्मभर उष्ट्या हवेवर काम करते. तेवढाच भार उचलायला तिला जास्त फिरावं लागतं आणि ती जास्त तापते. जाळीतून मशीन काढल्यावर मी आधी खालच्या मोटरीला बोट लावून बघते. वरची कोमट असते, खालची चटका देते.

आमच्या गाळ्यात एक रिवाज आहे. मशीन बाहेर जाण्याआधी ते जाळीत उडवायचं आणि उडत असताना त्याची एक मोटर बंद करायची. याला आम्ही ‘मारून दाखवणं’ म्हणतो. कुठली मोटर मारायची ते ज्याने मशीन बांधलं त्याने सांगायचं. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही.

घरी माझे वडील आहेत. चारकोपच्याच एका सेक्टरमधली आमची खोली तळमजल्यावर, पुढे ग्रिल, मागे मोरी. चार वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई त्याच्या आधीच गेलेली. सकाळी नऊ ते सहा एक मावशी येतात, बाकीचा वेळ माझा. रात्री दोनदा कूस बदलावी लागते. एकदा रात्रीसाठी माणूस ठेवून पाहिला. बाबांनी त्याच्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही आणि सकाळपर्यंत डोळा मिटला नाही. त्यानंतर मी पुन्हा तो प्रयोग केला नाही.

मला एक थोरला भाऊ आहे. दादा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत असतो. वाईट नाही तो. फोनवर दर वेळी म्हणतो, "मी आहेच ना गं. एक फोन कर, चार तासांत हजर." आणि फोन ठेवताना म्हणतो, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त असतो." ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकाच फोनवर निघतात, याचं त्याला कधी काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही फार उशिरा वाटलं.

मला बाबांचा राग येतो. लिहायला लाज वाटते, पण येतो. घास भरवताना त्यांनी तोंड फिरवलं की चमचा भिंतीवर फेकावासा वाटतो. मग त्यांच्या हनुवटीवरचं पुसताना माझेच डोळे भरून येतात. गिरणीत बारा तास उभा राहिलेला माणूस आता माझ्या हाताकडे बघत बसतो. त्याला दुसरं कोण आहे आणि मला तरी या चार भिंतींपलीकडे काय आहे, असं रोज एकदा मनात येऊन जातं.

गेल्या हिवाळ्यात मनोऱ्यांच्या कामाचं एक मशीन पक्कं झालं. मुरबाडच्या पुढे उघड्या माळावर, रीतसर परवानगी काढून, शुक्रवार-शनिवार अशी दोन दिवसांची मुक्कामी चाचणी ठरली. मशीन दीड-दोनशे फुटांवर नेऊन तिथे मोटर मारून दाखवायची होती. सर म्हणाले, "मशीन तुझं आहे. मोटर तूच सांगायची. काहीही कर, पण चल." पंधरा दिवस हातात होते. मी त्याच दिवशी दादाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "अगं जा ना! त्यात विचारायचं काय? गुरुवारी रात्री पोचतो मी." मी इतकी खूश झाले की घरी जाताना उगाच भजी घेतली.

चाचणीला आठवडा असताना ज्यांना मशीन हवं होतं त्यांच्याकडच्या एक बाई गाळ्यात बघायला आल्या. मी मशीन जाळीत उडवलं, रिवाजाप्रमाणे म्हटलं, "पुढची उजवी, वरची." सरांनी कळ दाबली. मशीन किंचित डुललं आणि जागेवर राहिलं. बाईंनी मान डोलावली आणि सहज विचारलं, "खालची मारली तर?"

आम्ही सगळे हसलो. "तेच होईल," मी म्हटलं. "दाखवा ना," त्या म्हणाल्या.

दाखवायला तशी कळच नव्हती. रिमोटवरची ती कळ मीच जोडली होती, आणि फक्त वरच्या चार मोटरींना. झाडाची फांदी, तार, पक्षी, जे काही आपटायचं ते वरून आपटणार, हे माझं गणित. मी लॅपटॉप उघडून दहा मिनिटांत ती कळ खालच्या मोटरींवर फिरवली. मशीन उडालं. "पुढची उजवी," मी म्हटलं, "खालची."

मशीन एका अंगावर कललं, जाळीत घुसलं आणि पंख्यांनी नायलॉन गुंडाळत खाली आलं. शेजारी झाकणं ठोकणारेही थांबून बघायला आले.

चूक माझीच होती, आणि शोधायला तासही लागला नाही. खालची उष्ट्या हवेत राबते म्हणून मी तिला जास्त पिळाची, जड पाती दिली होती. वरचीला स्वच्छ हवा, म्हणून हलकी. वरची मेली की खालची सगळा हात पेलायची. खालची मेली की वरचीच्या अंगात तेवढं बळच नव्हतं. मशीन दोघींच्या जिवावर आहे असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो, आणि ते होतं एकीच्या जिवावर. शंभर मशिनं मी बांधली आणि एकदाही खालची मारायला सांगितली नाही. ती मरेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सर ओरडले नाहीत. जाळीतून पात्यांचे तुकडे वेचत म्हणाले, "इतकी वर्षं वरचीच मारत होतो यार आपण." मला ओरडलेलं परवडलं असतं. पुढचे पाच दिवस मी वर-खाली सारखी पाती बसवली, वरच्या मोटरी बदलल्या, आठही मोटरींना कळ जोडली. बॅटरी लवकर उतरायला लागली, पण कुठलीही मोटर मारा, मशीन राहायला लागलं.

बाबांना मी हे सगळं दोन वाट्या बुडाला बूड लावून समजावलं. वरची वाटी, खालची वाटी. ते बराच वेळ बघत राहिले, मग डाव्या हाताने खालच्या वाटीवर टिचकी मारून म्हणाले, "बदली."

बाबा गिरणीत कायम होण्याआधी सहा वर्षं बदली होते. म्हणजे रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी. कायम असलेला माणूस आजारी पडू शकायचा, गावी जाऊ शकायचा. बदली गेटवर दिसला नाही तर त्याचं नाव मागे पडायचं. बाबा ताप अंगात घेऊन जायचे. लहानपणी मी विचारलं होतं, तुमच्या जागी दुसऱ्याला का नाही पाठवलं? तेव्हा ते मालवणीत म्हणाले होते, "बदलीक बदली नसता गो."

त्या संध्याकाळी त्यांनी तेवढा एकच शब्द काढला. मी वाट्या विसळून ठेवल्या आणि बॅग भरायला घेतली.

गुरुवारी संध्याकाळी सहाला दादाचा फोन आला. "अगं ऐक ना, उद्या रिलीज आहे. ऐन वेळी बॉसने पकडलं, मरायलाही वेळ नाही बघ. या वेळी घे ना सांभाळून. पुढच्या वेळी नक्की."

"बरं," मी म्हटलं.

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्याने "तू आहेस म्हणून" असं सुरू केलं, तेव्हा मी फोन ठेवला. मग बॅगेतले कपडे पुन्हा घड्या करून कपाटात लावले. बाबा बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली, कारण माझा चेहरा त्यांनी बघायला नको होता.

गाळ्यातले सगळे माळावर गेले, म्हणून शुक्रवारी मी घरीच होते. अकराच्या सुमारास तिथून सरांचा व्हिडिओ कॉल आला. मावशी बाजारात गेल्या होत्या. मी फोन तांब्याला टेकवून बाबांच्या खुर्चीसमोर ठेवला आणि आम्ही दोघं बघत बसलो. पिवळं गवत, बाजूला त्या बाई, मधे माझं मशीन. ते उठलं. नऊ फूट गेलं आणि थांबलं नाही. माझा हात आपोआप पुढे झाला, जाळीला लागेल म्हणून. ते वर गेलं, अजून वर, पडद्यावर ठिपक्याएवढं झालं आणि सर मान मागे टाकून बघायला लागले. मला रडू आलं. मीही मान मागे टाकली तर वर छताचा पंखा होता.

"बोल," सर ओरडले, "कुठली मारू?"

वरची म्हणायची सवय, आणि खालची म्हणायचं भय. इतकं दुरुस्त करूनही मला ते मशीन कोसळताना दिसत होतं.

बाबांनी डावा हात उचलला. बोट फोनकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. "खालची," ते म्हणाले. चार वर्षांत इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मागची डावी," मी म्हटलं. "खालची मारा."

ठिपका जरासा खाली आला, डगमगला आणि राहिला. तिकडे टाळ्या वाजल्या. बाबांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं आणि ते म्हणाले, "ऱ्हवला."

फोन बंद झाल्यावर मी तसाच दादाला लावला. तो कुजबुजत म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे गं. बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. पुढच्या रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ मी घरात नसणार. मावशींची सुट्टी असते. तू ये."

"का? काय आहे त्या दिवशी?"

"काही नाही. नुसती नसणार."

"अगं पण काहीच नाहीये तर मग... आणि मला नाही जमलं तर?"

"तरी मी नसणार, दादा."

मला माहीत नव्हतं मी खरंच बाहेर पडू शकेन का, आणि तो येईल का. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दादा पलीकडून "म्हणजे मग..." एवढं म्हणून अडला. मी त्याच्यासाठी वाक्य पुरं केलं नाही, "बरं" म्हटलं नाही, फोन कानाला लावून उभी राहिले.