सहा जोड काळे मोजे

जेरुशा टार्बेलचा नवरा जेबेझ पिंपं बनवायचा, आणि गावात कुणी गेलं की खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी हजर. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या त्या गावात खांदेकऱ्यांना मयताच्या घरून काळे हातमोजे मिळत. तो मान असे, गेलेल्याचाही आणि खांदा देणाऱ्याचाही. मरायला टेकला तेव्हा जेबेझ एवढंच बोलला, "माझ्या माणसांना मोजे दे गं. उघड्या हातांनी नको पाठवू मला."

जेरुशानं सहा जोड विलायती मोजे आणले आणि प्रत्येकाच्या आत, मनगटाशी, लाल दोऱ्यानं जेबेझच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

पण वेळ नेमकी वाईट निघाली. इंग्लंडच्या राजाला लढायांचा खर्च भरून काढायचा होता. म्हणून पार्लमेंटनं आधी कागदावर कर बसवला, मग काचेवर, रंगावर, चहावर. तिथं आमचा एक माणूस बसत नव्हता, हात मात्र आमच्या खिशात. राग खरा होता, नाही कोण म्हणतो? पण त्या रागाचं पुढारपण गेलं चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनकडे, पेनुएल ग्रीनलीफकडे. कुठं चार माणसं जमली की या गृहस्थाला बोलायची उबळ यायची.

गावानं ठराव केला : विलायती माल बंद, मयताचे मोजेसुद्धा. डीकन चौघांना घेऊन जेरुशाच्या दारात आला. आत जेबेझ शवपेटीत निजला होता.

"जेरुशाबाई, मोजे काढा. चौकात जाळायचेत."

"आजचा दिवस जाऊ द्या, डीकनसाहेब. त्यांनी तेवढंच मागितलं होतं."

"देशापुढे नवऱ्याचे लाड कसले?"

डीकननं मोजे पोत्यात भरून नेले. चौकात पोतं पेटलं, टाळ्या पडल्या. जेबेझ उघड्या हातांनी गेला. पुढची सात वर्षं जेरुशा त्याच्या थडग्यापाशी गेली की मान खाली घालूनच उभी राहायची.

तोवर पाणी डोक्यावरून गेलं. लोकांनी चहा समुद्रात फेकला, राजानं बोस्टनच्या बंदराला कुलूप ठोकलं, वर पलटणी धाडल्या. सतराशे पंचाहत्तरच्या एप्रिलात त्या पलटणी गावांवर चालून आल्या, तेव्हा जेरुशाचा मुलगा असाहेल बंदूक घेऊन धावला. डीकनसाहेबही धावले, पण तळघराकडे. पायरीवरून गडगडले आणि मान मोडली. झालं, गावाला आयता हुतात्मा मिळाला.

त्याच्या मयताला खांदेकरी सहा, त्यांत असाहेल. डीकनच्या बायकोनं मोजे वाटले. तळघरातल्या पेटीत सापडले म्हणे. असाहेलनं मोजा चढवताना मनगट दुमडलं आणि शेजारी उभ्या जेरुशाला आतला लाल दोरा दिसला. त्या पोत्यात काय जळलं होतं देव जाणे, मोजे नक्कीच नव्हते.

"काढ," ती म्हणाली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. तुझ्या बापाचे आहेत ते."

मग ती उरलेल्या पाचांपुढे एकेक करून उभी राहिली. कुणी नजर वर केली नाही, पण मोजे निमूट काढून दिले.

"मेलेल्या माणसाची तरी लाज राखा, जेरुशाबाई," डीकनची बायको म्हणाली.

"मेलेल्या माणसाचंच बघतेय मी."

डीकन उघड्या हातांनी गेला.

असाहेल दुसऱ्या दिवशी बोस्टनच्या वेढ्यावर निघणार होता. लोक पांगल्यावर जेरुशानं त्याला जेबेझच्या थडग्यापाशी नेलं आणि स्वतःच्या हातांनी त्याला मोजे घातले.

"आता दे खांदा," ती म्हणाली.

त्यानं वाकून दगडाला खांदा टेकवला. जेरुशा ताठ मानेनं बघत राहिली.