तुटक निळी रेघ

ऐन एप्रिलात, ठणठणीत कोरड्या नाल्यात उतरण्याआधी अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या डोंगरात आम्ही जंगलाचे इंग्रजी अमदानीतले नकाशे प्रत्यक्ष जागेवर ताडून नवे करत होतो. ते सर्व्हेअर, मी त्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने गिरवणारा ट्रेसर. मी हसलो की म्हणायचे, "मेल्या, पाणी रजेर गेलाहा. राजीनामो दिल्यान नाय."

म्हणून पावसाळी नाल्याची रेघ त्यांना निळी हवी, पण तुटक. अखंड काढली तर खोटं, गाळली तर त्याहून खोटं. जुन्या नकाशातला प्रत्येक नाला ते चालून बघत, दगड उलटून खालची ओल चाचपत. पायथ्याच्या वस्तीतली अनसूयाबाई आम्हाला माठातलं पाणी द्यायची.

"अण्णा, या सुक्या घळीत काय हरवलंय हो तुमचं?"

"तुझ्या दारातलो व्हाळ गो. जुलैत येतलो. भिंत जरा मागे घे."

माझं ट्रेसिंग ते खिडकीच्या उजेडात धरून तपासत. पुढे पुढे न धरताच सही करू लागले. "तुझो हात तो माझोच हात."

अनसूयाबाईच्या वस्तीवरच्या उतारावर कुणाला तरी इमारती उठवायच्या होत्या. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. "पाणी दिसतं का रे तिथे? मग नाल्याची ती रेघ काढून टाक. हेड ट्रेसर व्हायचंय ना?"

मी रेघ ब्लेडने खरवडली, कापड नखाने घासून गुळगुळीत केलं. अण्णांनी सही केली. नखातला निळा चुरा धुऊन मी डबा खाल्ला. आजही त्या जेवणाची किळस येते.

नाला भरावाखाली बुजला. जुलैत पाणी आलं, वाट मिळेना म्हणून वस्तीत शिरलं. अनसूयाबाई भिंतीखाली सापडली.

चौकशीत साहेबांनी, लाज नसलेल्या माणसाने, सहीकडे बोट दाखवलं. अण्णांनी कापड खिडकीशी धरलं. खरवडलेल्या जागेतून उजेड जास्त येतो. "सही माझी," ते म्हणाले. "न बघता केली." मी शेजारीच उभा होतो. अण्णांना घरी बसवलं. मी हेड ट्रेसर झालो.

जुने सहकारी भेटले की अजून म्हणतात, "अण्णा तो नाला विसरले." इतकी वर्षं मी मान हलवली. अण्णा काही विसरले नव्हते. त्यांनी रेघ काढली होती, ती मी मिटवली.

ते गावी निघाले तेव्हा निरोपाला गेलो. त्यांनी माझा उजवा हात धरला, खिडकीपाशी नेला, ट्रेसिंग धरावं तसा उजेडात धरून नीट पाहिला. मग सोडून दिला.